उद्याचे डॉक्टर आणि पडद्याअलीकडची माणसे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकशास्त्राच्या विषयावर लेखणी चालवावी, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. माझे विषय मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र. माणसाच्या शरीरात हाडे किती, हे शाळेत पाठ केले होते. माझे वैद्यकीय ज्ञान त्यापुढे गेलेले नाही. परंतु डॉक्टर होण्यासाठी पाच-साडेपाच वर्षे शिकावे लागते. रुग्णाचा नातेवाईक होण्यासाठी काहीच शिकावे लागत नाही. ते कोणालाही कधीही होता येते. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या म्हणीच्या आधारानेच मी हे चार विचार मांडण्याचे धाडस करीत आहे.

सध्या ‘ई-आरोग्य’ हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. संगणक, मोबाईल आणि इंटरनेट यांचा आरोग्यसेवेसाठी केलेला उपयोग, एवढाच त्याचा साधा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ठराव करून सर्व देशांना या मार्गाने जाण्याचे आवाहन केले होते. आपल्या देशात ‘ई-संजीवनी’ ही सेवा २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. आरोग्य उपकेंद्रात बसलेला रुग्ण पडद्यावरून दूरच्या डॉक्टरांशी बोलू शकतो. पुढे कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, घरबसल्या सल्ला घेण्याची सोयही तिला जोडली गेली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन आले आणि प्रत्येकाला ‘आभा’ नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळू लागला. क्षयरोग्यांची नोंद तर २०१२ पासूनच ‘निक्षय’ या संगणकीय वहीत होत आहे. हे सारे कागदावर वाचले की छाती अभिमानाने भरून येते. खेड्यातल्या माणसासाठी एवढे चालले आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

आमचे गाव जिंतूर तालुक्यात आहे. जिंतूरहून परभणी चाळीस किलोमीटरच्या वर, आणि गावाहून जिंतूरला यायचे तर सकाळची एक गाडी. ती चुकली की काळीपिवळीची वाट पाहत फाट्यावर बसायचे. दवाखान्यात जायचे म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्या दुसऱ्याची बुडते, वर भाडे आणि चहापाणी. औषधाचा खर्च त्यानंतरचा. अशा गावात डॉक्टर पडद्यावर भेटत असेल, तर त्याला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. ई-आरोग्य हवे की नको, असा माझा प्रश्नच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. तो समजण्यासाठी मला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे घरातल्या साऱ्या कागदांचा आणि साऱ्या ‘ओटीपीं’चा मी धनी. पीकविमा भरायचा, मी. राशनकार्डाची ई-केवायसी, मी. आई-वडिलांच्या आधारकार्डाला नंबर जोडलेला आहे तोही माझाच. मला त्याचा अभिमान वाटत असे. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी ‘शिकलेलं लेकरू हाय’ म्हणून फोन माझ्या हातात द्यावा आणि मी दोन मिनिटांत त्यांचे काम करून द्यावे, यात एक सुख असते.

मी पहिल्या वर्षाला असताना आईची कंबर दुखू लागली. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. ती म्हणाली, “काम सरू दे, मग बघू.” पण चालताना तिला दम लागे, हे मी पाहत होतो. कोणाकडून तरी एका डॉक्टरांचा नंबर मिळाला. ते फोनवर, चित्र दिसेल अशा पद्धतीने तपासत. गावात रेंज मिळते ती मारुतीच्या पाराजवळ. म्हणून मी आईला पारावर नेले. फोन मी धरला. आजूबाजूला दोन-तीन माणसे बसलेली होती. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते. त्यांनी विचारले, “मावशी, काय त्रास होतो?”

आई फोनकडे पाहण्याऐवजी माझ्याकडे पाहत म्हणाली, “कंबर दुखायलीय. थकवा यायलाय.”

“आणखी काही?”

आईने पदर सारखा केला. “न्हाई. आणखी काई न्हाई.”

बाकीची माहिती मीच दिली. वय मी सांगितले, जेवण कसे आहे ते मी सांगितले, झोप कशी लागते तेही मीच सांगितले. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या आणि कॅल्शियम लिहून दिले. चार-पाच मिनिटांत काम झाले. भाडे वाचले, मजुरी वाचली. पारावरची माणसे म्हणाली, “बघा, पोरगं शिकलं त्याचा कसा फायदा झाला.” त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

त्यानंतर तीन महिन्यांनी आई शेतात खुरपताना भोवळ येऊन पडली. तिच्या शेजारच्या ओळीत आमच्या गावच्या आशाताई होत्या. त्याही मोसमात रोजाने खुरपायला जातात. त्यांनी आईला बांधावर बसवून काय विचारले आणि आईने काय सांगितले, ते मला माहीत नाही. संध्याकाळी आशाताई घरी आल्या आणि मला म्हणाल्या, “उद्याच्या उद्या परभणीला बाई डॉक्टरकडं न्या. सहा महिन्यांपासून तुझ्या मायच्या अंगावरून लई जायलंय.”

परभणीला नेले. बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन बारा तरी असावे लागते. आईचे सहा भरले. गर्भाशयात गाठ होती. सुदैवाने ती वाईट नव्हती. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले, मग उपचार सुरू झाले. आज ती बरी आहे. पण मी तिला विचारले होते, “त्या दिवशी डॉक्टरला का नाही सांगितलंस?” ती भिंतीकडे पाहत म्हणाली, “तुझ्यापुढं कसं सांगू रं?”

वाचकहो, या गोष्टीत डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे; पण मी तो देणार नाही. ज्याने आईला चार माणसांत पारावर बसवले आणि तिच्या वतीने उत्तरे दिली, तो मी होतो. मला फोन चालवता येत होता, एवढ्यावरून मला सारे कळते असा माझा समज झाला होता. मात्र त्या दिवसापासून एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टरांनी एवढेच विचारले असते, “मावशी, तुमच्याजवळ आत्ता कोण कोण आहे?” आणि मग मला म्हटले असते, “तू जरा बाजूला हो,” तर तीन महिने वाचले असते. हे वाक्य डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना कोणी शिकवते का? हाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी माझ्या शाळेतल्या मित्राला गाठले. तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर दोन दिवस मी त्याच्या वसतिगृहावरच मुक्कामाला होतो. तिथली मुले माझ्याहून फार हुशार आहेत, हे मी आधीच कबूल करतो. त्यांच्या हातात पुस्तकापेक्षा मोबाईल जास्त वेळ असतो, पण तो उगाच नव्हे. शरीरशास्त्राची चलचित्रे, औषधांची माहिती देणारी अ‍ॅप, परदेशी प्राध्यापकांची व्याख्याने, पुढच्या परीक्षेच्या प्रश्नपेढ्या, सगळे त्यांच्या बोटावर. रात्री दोन वाजता एखाद्या मुलाला शंका आली तर दहा मिनिटांत तो तिचे निरसन करून घेतो.

मी विचारले, “ई-संजीवनी पाहिली आहेस का?”

मित्र म्हणाला, “नाव ठाऊक आहे. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पेपरात टीप येऊ शकते.”

“प्रत्यक्ष चालताना?”

“नाही बुवा.”

‘आभा’ क्रमांकाबद्दल विचारले तर खोलीतल्या चौघांपैकी दोघांनी स्वतःचा काढलेला होता. रुग्णाची कोणती माहिती कोणाच्या संमतीने कोणाला दिसते, हे मात्र चौघांपैकी एकालाही नेमके सांगता आले नाही. बोलता बोलता एकाने अभ्यासाच्या गटावर आलेला एक एक्स-रे मला उत्साहाने दाखवला. फुप्फुसातला डाग कसा ओळखायचा, हे तो फार छान समजावून सांगत होता. पण माझी नजर कोपऱ्यातल्या नावावर गेली. नाव, वय, सारे स्पष्ट वाचता येत होते. आडनाव आमच्याकडच्या भागातले होते. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते. त्याला तो डाग दिसत होता, मला ते नाव दिसत होते. दोघांनाही दोन्ही दिसायला हवे, असे मला वाटते.

यावर मित्राने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. तो म्हणाला, “आम्ही अजून डॉक्टर नाही. नोंदणी झाल्याशिवाय आम्हाला फोनवरून सल्ला देताच येत नाही. मग ते आत्ता शिकून काय करायचं?” कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांच्यानुसार नोंदणीकृत डॉक्टरलाच असा सल्ला देता येतो. समोर आणून तपासल्याशिवाय भागणार नाही असे वाटले, तर तसे सांगण्याचा अधिकार डॉक्टरला आहे. रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलायचे तर त्यासाठी रुग्णाची संमती लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने स्वतः रुग्णाला सल्ला देऊ नये वा औषध लिहू नये, हेही त्यात सांगितले आहे. म्हणजे नियम चांगले आहेत. पण पोहण्याचे नियम वाचून कोणी पोहायला शिकत नाही. उद्या पदवी हातात पडली आणि गावच्या पडद्यापलीकडे हाच मित्र बसला, तर पहिला रुग्णच त्याचा पहिला धडा ठरणार. तो रुग्ण कोणाची तरी आई असणार.

त्याच मुक्कामात इंटर्नशिप करणाऱ्या एका ताईंशी भेट झाली. ग्रामीण आरोग्य केंद्रात काम करीत असताना त्या काही दिवस पडद्यावरच्या सल्ल्याच्या वेळी डॉक्टरांशेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही. म्हणून तिथं दुप्पट विचारावं लागतं, आणि चौपट ऐकावं लागतं.” दोन दिवसांत मी ऐकलेले सर्वांत मोलाचे वाक्य हेच. ते त्यांना पुस्तकातून मिळाले नव्हते. शेजारी बसून मिळाले होते.

काही जुने डॉक्टर म्हणतात की, या यंत्रांमुळे नाडीवरचा हात सुटेल, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधला जिव्हाळा संपेल. ही भीती अनाठायी नाही. पण यंत्र आले की माणुसकी जाते, असे इतिहास सांगत नाही. आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात असणारा स्टेथोस्कोप कसा जन्मला, ते पाहण्यासारखे आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरांपुढे एक तरुण स्त्री रुग्ण आली. त्या काळी छातीला कान लावून तपासत. तसे करणे त्यांना संकोचाचे वाटले. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले! डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये वीतभर अंतर ठेवणारे ते साधन एका बाईची लाज सांभाळण्यातून जन्मले. अंतर वाईट नसते. त्या अंतरातही समोरच्या माणसाची लाज, भीती आणि अडचण दिसली पाहिजे. माझ्या हातातला फोन त्या सुरळीहून हजारपटीने हुशार होता. पण त्यामागे लाएनेकचा संकोच नव्हता.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरणही डोळ्यांपुढे आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या साध्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. जे डॉक्टरपुढे बोलवत नाही ते बाई बाईजवळ बोलते, हे त्यांच्या कामातून दिसले. आमच्या गावच्या आशाताईंनी बांधावर बसून जे ऐकले, ते माझ्या फोनला ऐकू आले नव्हते. तेव्हा ई-आरोग्याची खरी जोडणी तारेने किंवा लहरींनी होत नाही. ती गावातल्या अशा विश्वासाच्या माणसांमुळे होते. हे उद्याच्या डॉक्टरांना विद्यार्थिदशेतच कळायला हवे.

मग काय करावे? नुसती टीका करून लेख संपवणे मला पटत नाही. म्हणून तीन सूचना करतो.

पहिली सूचना वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी. शिकत असतानाच आठवडाभर तरी उपकेंद्रात जाऊन बसावे. डॉक्टरच्या खुर्चीशेजारी नव्हे, रुग्णाच्या बाकावर. पडद्याच्या अलीकडे. वीज गेल्यावर काय होते, आवाज तुटल्यावर म्हातारी काय समजते, सासू सोबत असताना सून काय बोलत नाही, हे तिथे दिसेल. यासाठी नवा कायदा नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या घरी जाण्याची तरतूद आहेच. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे, याचाही समावेश आहे. त्यात पडद्यावरून बोलण्याचा सराव जोडावा, एवढेच माझे म्हणणे. ‘तुमच्याजवळ कोण आहे?’ हे त्यातले पहिले वाक्य असावे. आपल्या परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. डॉक्टर होणारी मुले आता आपल्याच गावात राहतात, आपल्याच रस्त्यांवरून फिरतात. आपली खेडी त्यांना फार लांब नाहीत.

दुसरी सूचना गुप्ततेची. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला. पण कायदा पोहोचण्याआधी सवय पोहोचली पाहिजे. अभ्यासासाठी फोटो काढायचा तर आधी विचारावे आणि नाव झाकावे. हे शिकायला एक मिनिट पुरते. हीच गोष्ट माझ्यासारख्या घरोघरच्या ‘शिकलेल्या लेकरां’नाही लागू आहे. आईचा आरोग्य क्रमांक माझ्या मोबाईलवर उघडतो. म्हणजे तिच्या आजाराची किल्ली माझ्या खिशात आहे. किल्ली खिशात असली म्हणून घर आपले होत नाही, हे मला उशिरा कळले.

तिसरी सूचना आपल्यासाठी, म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी. वैद्यकशास्त्राचे शिक्षण इंग्रजीतून होते आणि आमची दुखणी आमच्या बोलीत असतात. कळ, ठणका, चमक आणि जळजळ ही चार वेगळी दुखणी आहेत. भोवळ येणे निराळे, डोळ्यांपुढे अंधारी येणे निराळे. ‘अंगावरून जाणे’ या शब्दात बाई किती सांगते आणि किती झाकते, हे बाहेरगावाहून आलेल्या मुलाला कसे कळावे? आपण भाषेचे विद्यार्थी आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, ते चांगलेच आहे. एखाद्या वर्षी गावोगावच्या आयाबायांकडून दुखण्याचे हे शब्द गोळा करावेत, त्यांची एक छोटी वही करावी आणि ती आपल्याच शहरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. मराठी घेऊन काय करणार, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. त्याचे एक उत्तर या वहीत सापडेल, असे मला मनापासून वाटते.

गेल्या महिन्यात आईला पुन्हा सल्ला घ्यायचा होता. या खेपेस आम्ही उपकेंद्रात गेलो. ई-संजीवनीवर पलीकडे डॉक्टरबाई होत्या. आशाताई आईजवळ बसल्या. मी आईचा क्रमांक सांगितला, मोबाईलवर आलेले आकडे वाचून दाखवले आणि कोणी सांगण्याआधीच उठलो. दार ओढून घेतले आणि बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. बराच वेळ लागला. पारावर लागला होता त्याच्या तिप्पट तरी.

आत काय बोलणे झाले, ते मी आईला विचारले नाही. बाहेर आली तेव्हा तिने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “गोळ्या तेवढ्या आण.”

— बी. ए. द्वितीय वर्ष